सहा चाकांची सहा कडी

भाताच्या कुकरचं बटण टक् करून वर उडालं आणि मी दचकले. इतका वेळ घरात चकार शब्द नव्हता. जेवणाच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून माझ्या नवऱ्याने त्यांवर एक चाक आडवं घातलं होतं, आणि आजारी जनावरापाशी बसावं तसा तो त्याच्याशेजारी मांडी घालून बसला होता. चार वर्षांची युझू त्याच्या पाठीला टेकून, तोंडात बोट घालून, तीही चाकाकडेच बघत होती.

"जेवायचंय, की चाकच वाढू ताटात?" मी विचारलं.

"ऐक जरा." तोमोहिसाने छोटी हातोडी उचलली आणि चाकाच्या मधल्या लोखंडावर एक टोला दिला. टण्ण असं लांब घुमायला हवं होतं. आवाज आला फुटक्या बरणीचा. "बोल्टच्या भोकापासून चीर गेलीय. सहापैकी चार चाकं अशीच. मेलेली."

"मग पुरून टाक आणि हात धुऊन ये."

तो हसला नाही. युझूने मात्र चाकावर हात ठेवून विचारलं, "दुखतंय का त्याला?" आणि मग तिघंही जेवायला बसलो.

घरामागच्या शेडमध्ये उभी आहे ती बस तोमोच्या आजोबांनी चालवलेली. पुढे इंजिनाचं लांब नाक, म्हणून गावात तिला नाकवालीच म्हणतात. तोमोच्या जन्माआधीच ती बंद पडली. तो शेतीची यंत्रं दुरुस्त करण्याच्या कारखान्यात काम करतो आणि उरलेला सगळा जीव तिच्यात घालतो. आमच्या गावची बालवाडी या मार्चमध्ये कायमची बंद होणार. अकरा मुलं उरलीत, त्यांतली सगळ्यांत धाकटी आमची युझू. शेवटच्या दिवशी सगळ्या मुलांना नाकवालीत बसवून वरच्या गरम झऱ्यांपर्यंत न्यायचं, असं त्याने बाईंना कबूल करून टाकलं होतं. इंजिन चालू झालं, ब्रेक लागले, काचा बसल्या. राहिली होती चाकं.

इतरांचे नवरे सुट्टीच्या दिवशी पाचिंकोच्या जुगारखान्यात बसतात. माझा भंगारवाल्यांना फोन करत बसायचा. कुणाकडे आकार बरोबर तर भोकं वेगळी, कुणाकडे भोकं बरोबर तर गंजून चाळण झालेली. होक्काइदोच्या एका माणसाने तर सरळ सांगितलं, "साहेब, त्या मापाची चाकं मी गेली दहा वर्षं फक्त बागेत फुलझाडांभोवती बघितलीत."

शेवटी चाकं सापडली ती चाळीस मिनिटांवर, आमच्याच दरीच्या वरच्या टोकाला. तिथे कुरामोचींचं गॅरेज होतं. म्हातारा गेल्यापासून शटर बंद. तोमो तीनदा गेला, तीनदा कुरामोची आजींनी चहा पाजून परत पाठवलं. चौथ्या खेपेला, डिसेंबरच्या अखेरीस, त्यांनी स्वतःहून मागच्या खोलीचं दार उघडून दिलं. वसंतात त्या शहरात आपल्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. सहा चाकं, हातोडी मारली की घंटेसारखी बोलणारी. पैसे घेतले नाहीत.

तोमोने ती शेडमध्ये भिंतीला टेकवून रांगेत लावली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला का कोण जाणे, ती उभी असल्यासारखी वाटली नाहीत. उभी केल्यासारखी वाटली. प्रत्येक चाकाला भाताच्या पेंढ्याचा दोर गुंडाळलेला होता, डाव्या पिळाचा, देवळाच्या कमानीला असतो तसा. दोराच्या गाठीत पांढऱ्या कागदाची घडी. मी मनात म्हटलं, म्हातारी माणसं, नवीन वर्षाला चाकांनाही दोर बांधत असतील. आमच्या सासूबाई शिवणयंत्राला बांधायच्या.

जानेवारीत तोमो टायर आणायला निघाला. त्या मापाचे ट्यूबवाले टायर निइगाताला एका जुन्या गोदामात निघाले होते, कुठल्याशा अग्निशमन बंबासाठी मागवून न वापरलेले. बर्फामुळे रस्ता धड नव्हता, म्हणून तीन दिवसांचा बेत. जाताना घाईघाईत त्याने शेडची किल्ली माझ्या हातात ठेवली. चाकांबद्दल एक अक्षर बोलला नाही.

चौदा तारखेला मी शेड झाडायला घेतली. त्याला परत आल्यावर बरं वाटावं, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी पंधरा, देवळासमोर नव्या वर्षाची होळी पेटायची. दारावरची पाइनची सजावट, देव्हाऱ्यावरचा दोर, सगळं त्या दिवशी तिथे नेऊन जाळतात. त्यानंतर नव्या वर्षाचा दोर घरात राहिला तर पाहुणा देव परत गेल्यावरही त्याचं अंथरूण तसंच ठेवल्यासारखं होतं. बरं दिसत नाही, आणि चांगलंही नसतं. मी घरातले दोर एका पिशवीत भरले, आणि मग माझी नजर चाकांवर गेली.

दोर सोडायला युझूने मदत केली. गाठी घट्ट होत्या, पण तिची बोटं बारीक. दोर सुटला की चाकावरचं पोलादी कडं सैल होऊन हातात यायचं. तिला त्याची गंमत वाटली. एक कडं तिने जमिनीवर गरगर फिरवलं, दुसऱ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी विहिरीत." सहाही कडी मी गरम पाण्याने धुतली, पुसली, तेलाचा हात फिरवला आणि एकावर एक रचून ठेवली. कागदाच्या घड्या दोरातच राहू दिल्या. देवाचा कागद कोण उघडून बघतं?

पंधराला आम्ही दोघी होळीला गेलो. पेंढा ओला असल्यामुळे आधी नुसता धूर झाला आणि मग एकदम भडका उडाला. युझूने विलोच्या फांदीला लावलेले तांदळाचे गोळे निखाऱ्यांवर भाजले आणि एक बाबांसाठी खिशात ठेवला.

तोमो सोळाला संध्याकाळी परतला, ट्रकमध्ये सहा काळे कुळकुळीत टायर. शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी दारात जाऊन उभी राहिले तर हा रचलेल्या कड्यांपुढे उकिडवा बसलेला.

"दोर कुठायत?" त्याने विचारलं.

"होळीत. काल पंधरा होती ना."

तो रागावला असता तर मला कळलं असतं. तो रागावला नव्हता. त्याचा चेहरा नुसता थांबला होता, घड्याळ थांबतं तसा.

"का रे? नको होतं का करायला?"

"नाही, नाही." त्याने वरचं कडं उचलून उजेडात धरलं. "किती चकचकीत केलीस. आरशात बघावं तशी." आणि मग युझूने खिशातला घट्ट झालेला गोळा त्याच्या तोंडात कोंबला.

पुढचे दोन दिवस तो ती कडी मोजत होता. पोलादी पट्टी लावून, मापाची चिमटी लावून, अंगठा फिरवून, डोळे मिटून. जुन्या बसचं चाक अखंड नसतं. रिमवर टायर चढवायचा आणि तो निसटू नये म्हणून बाजूने हे कडं खाचेत बसवायचं. मग आतल्या हवेचा सगळा जोर ते कडं एकटं धरून ठेवतं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं. शनिवारी दुपारी त्याने कारखान्यातला लोखंडी पिंजरा आणला, एकेक चाक त्यात ठेवून लांब नळीने हवा भरली, आणि हवा भरताना मला आणि युझूला घराबाहेर येऊ दिलं नाही. कॉम्प्रेसर सहा वेळा घरघरला, सहा वेळा थांबला. सहाव्यांदा थांबल्यावर तो आत आला, हात धुतले आणि सिंकला धरून उभा राहिला.

"झालं?"

"झालं. सगळी बसली." मग नळ पुन्हा घट्ट करत, "बसली म्हणजे, बसली."

रविवारी सकाळी तो चाकं बसवायला लागला आणि मी कुरामोची आजींकडे निघाले. चाकं फुकट घेऊन रिकाम्या हाताने गप्प बसणं मला पटत नव्हतं. सुकवलेल्या पर्सिमन फळांची माळ घेतली, युझूला मागच्या सीटवर बांधलं. दरीत वर जाता जाता रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती उंच होत गेल्या.

आजी एवढ्याशा होत्या, पण हात पुरुषासारखे. युझूला कोतात्सूच्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत बसवून त्यांनी तिच्यासमोर संत्र्यांची टोपली ठेवली.

"खा गं चिमणे. साल मात्र उशीखाली कोंबू नकोस, माझा नातू कोंबायचा." मग माझ्याकडे वळल्या. "चढली का चाकं?"

"आज बसवतोय तो. काल हवा भरली."

"बरं झालं. नवरा शहाणा आहे तुझा. मी सांगितलं तसं केलंन ना? एका वेळी एकच दोर सोडायचा. एक चाक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"कशासाठी, आजी?"

"म्हणजे तुला बोलला नाही?" त्यांनी संत्रं सोलायचं थांबवलं. "पाच चाकं एका कंपनीची, सहावं दुसरीचं. कडी दिसायला सारखी. आणि एकाचं दुसऱ्यावर बसतं, पोरी. तोच तर घात. बसतं, पण धरत नाही. आमच्या शुइचीने अदलाबदल केली. माझा थोरला. सव्वीस वर्षांचा होता. त्यानेही मोजलं होतं, त्याच्या बापानेही मोजलं होतं. पट्टीवर कळत नाही ते."

युझू संत्र्याच्या फोडी एका रांगेत मांडत होती.

"हवा भरताना...?" मी विचारलं.

"भरताना काय नाय झालं. संध्याकाळी भरली, रात्रभर धरलं त्याने. सकाळी साडेदहाला शुइची चाकापाशी वाकला, तेव्हा सोडलं." आजींनी हाताने काहीच दाखवलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. "मग म्हाताऱ्याने कुठलं कडं कुठल्या चाकाचं ते नीट लावलं आणि स्वतः दोर वळून बांधून टाकलं. देवळाचे दोर तोच वळायचा, दुसरा पीळ त्याच्या हातांना येतच नव्हता. प्रत्येक गाठीत कागदावर कंपनीचं नाव लिहून ठेवलंन. वाचलं असशील तू."

"उघडला नाही मी कागद," मी म्हटलं. "आजी, मी ते सगळे दोर होळीत जाळले."

आजींनी संत्रं खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"फोन कर," त्या म्हणाल्या. "उठ."

फोन वाजत राहिला. काम करताना तोमो फोन स्वयंपाकघरात ठेवतो, हात ग्रीसने भरलेले असतात म्हणून. रिकाम्या घरात तो कसा वाजत असेल ते मला इथून दिसत होतं. सात वेळा लावला. मग युझूला उचललं, तिचे बूट हातात घेतले आणि निघाले. आजी मोजे घातलेल्या पायांनी बर्फात गाडीपर्यंत आल्या आणि काच खाली करायला लावून म्हणाल्या, "त्याला ओरडून हाक मारू नकोस. दचकवू नकोस त्याला."

उतारावर वेग घेता येत नव्हता. युझू मागून गाणं म्हणत होती, बालवाडीत शिकवलेलं, बसच्या चाकांचंच काहीतरी. मी तिला गप्प बस म्हटलं नाही. दर वळणावर मी मनात त्याला एकेक काम देत होते: आता चहा प्यायला घरात गेला असेल, आता पाना सापडत नसेल, आता शेजारचे ओजाकी गप्पा मारायला आले असतील आणि हलत नसतील.

घरी पोचले तेव्हा नाकवाली ठोकळ्यांवरून उतरून स्वतःच्या सहा चाकांवर उभी होती. 'वीस वर्षं हिला लाकडांवर लोंबकळताना बघतेय,' असं तोमोची आई जिच्याबद्दल म्हणायची, ती आता जमिनीवर होती, वजन टाकून. तोमो डाव्या मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसून नट आवळत होता. मी गाडीचं दार न आपटता लोटलं आणि हळू म्हटलं, "तोमो. हातातलं ठेव आणि बाजूला ये."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आला. म्हणजे धोका त्याला माहीत होता. मला तेव्हा कळलं.

"आजींनी काय सांगितलं? शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. 'रात्रभर धरलं' इथे आले तेव्हा त्याने वळून बसकडे बघितलं.

"एक वेगळ्या कंपनीचं, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "एकेकच दोर सोडा, जोड्या मोडू नका, एवढंच म्हणाल्या होत्या. मोजली तर सारखी आली. वाटलं, म्हातारीची काळजी. आणि तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

"तू झोपलास?"

"नाही."

"तसंच राहू दे," मी म्हटलं. "कुणीतरी माणूस बोलावू. हात नको लावूस."

"कोण येणार आज रविवारचं? आणि येईल तो काय करणार? हेच, हवा सोडणार." त्याने शेडच्या उघड्या दाराकडे मान केली. "ओजाकी रोज इथून बर्फ ढकलत जातात. ही रोज इथून शाळेत जाते. भरलेलं चाक असंच ठेवून मी उद्या कामावर जाऊ?" मग माझ्या खांद्यावर मनगट टेकवलं, पंजा काळा होता म्हणून. "आत जा, सायो. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे. खिडकीत उभी राहू नकोस."

मी युझूला घेऊन फ्रिजच्या मागे उभी राहिले. तिथूनही खिडकीचा एक कोपरा दिसतो, त्यातून शेडचं दार आणि नाकवालीची डावी बाजू. तिला बाथरूममध्ये न्यायला हवं होतं. पण तिथून तो दिसला नसता.

आधी त्याने बसखाली पुन्हा ठोकळे सरकवले आणि जॅकवर ती अर्धी वीत उचलली. मग पुढच्या चाकाशी गेला, समोर न जाता कडेने, भिंतीला पाठ घासत, आणि हात लांब करून वॉल्व्हची सुई फिरवली. फुस्स असा आवाज सुरू झाला आणि किती वेळ चालू राहिला. इतकी हवा असते एका चाकात, मला माहीत नव्हतं. ती संपली. तो पलीकडे गेला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा तोच आवाज. युझू बोटांवर मोजत होती. एक. दोन. उजव्या बाजूला मागे दोन चाकं शेजारी-शेजारी, तिथे खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मी तिच्या केसांत तोंड खुपसलं. संत्र्याचा वास येत होता. मग तीन. मग बऱ्याच वेळाने चार.

तो पुन्हा आमच्या बाजूला आला. कपाळ बाहीने पुसलं. खिडकीकडे बघितलं नाही. डाव्या मागच्या बाहेरच्या चाकाची हवा सोडली, ते पाच. टायर खाली बसला आणि त्याच्यामागचं शेवटचं चाक, आतलं, तेवढं ताठ राहिलं.

आतल्या चाकाच्या वॉल्व्हला कडेने हात पोचत नाही. बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घालावा लागतो. ते तोमोने मला कधीतरी हौसेने दाखवलं होतं, मी भाजी चिरत होते आणि हो-हो म्हणत होते. आता तो तिथे बसला. टॉर्च तोंडात धरून आत डोकावला. डोकावून तसाच राहिला. मग टॉर्च काढून जमिनीवर ठेवला, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाशेजारी ठेवावा तसा. त्याला आत काय दिसलं ते मला त्याच्या मानेवरून कळलं: कडं खाचेतून सरकलं होतं.

त्याने जाकीट काढलं. स्वेटरची बाही वर सरकवली. तोंड दुसरीकडे वळवलं, चाकापासून होईल तेवढं लांब, आमच्याकडे. डोळे मिटले. आणि हात आत घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.

मी वाट बघत होते फुस्स आवाजाची.

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून पडला. तोमोचे डोळे मिटलेलेच होते. ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे. आवाज येत नव्हता. बहुतेक सुई गंजलेली असेल, बहुतेक बोटं गारठली असतील. युझूने माझ्या गळ्याभोवतीचा हात सोडून खिडकीच्या त्या कोपऱ्याकडे बोट केलं. पाच बोटं मोजून झाली होती तिची, सहावं दुसऱ्या हाताचं उघडून तयार ठेवलं होतं.

"आई," ती कुजबुजली, "बाबांचा हात कधी येणार बाहेर?"